पहाटे मासे वर का येतात?

पावसाळ्यात कधी कधी तीन-चार दिवस नुसतं आभाळ धरून राहतं. ऊन नाही, वारा पडलेला, पाऊसही नाही, फक्त उकाडा. अशा दिवसांत भंडारा-गोंदियाकडच्या एखाद्या मामा तलावावर उजाडता उजाडता गेलं, तर पाण्यावर जिकडेतिकडे माशांची तोंडं दिसतात. उघडमीट, उघडमीट. एरवी माणसाची सावली पडली तरी बुडी मारणारा कटला हाताच्या अंतरावर तसाच तरंगत राहतो, हुसकलं तरी खाली जात नाही. सकाळी चांगलं ऊन पडलं तर थोड्या वेळात सगळे गडप होतात. ऊन नाहीच पडलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काठाला मेलेले मासे लागतात आणि मच्छीमार संस्थेचं वर्षाचं गणित बिघडतं.

गंमत अशी, की त्याच तलावात, त्याच पहाटे, मरळ आणि मांगूर ठणठणीत असतात. तळाच्या गाळातल्या लाल अळ्यांना तर काही झाल्याचा पत्ताही नसतो. पाणी एकच, रात्रही एकच. मग एकाचा जीव जातो आणि दुसऱ्याचं काहीच बिघडत नाही, हे कसं?

काठावरून पाहणाऱ्याला तळं एकसंध दिसतं. आत राहणाऱ्यांसाठी मात्र तिथे तीन-चार वेगवेगळे मुलूख आहेत आणि त्यांच्या सीमा मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात: उजेड कुठवर पोचतो आणि प्राणवायू कुठवर पोचतो. कुठल्याही पाणवनस्पतीचं पान किंवा माशाचं तोंड नीट पाहिलं, तर तो जीव या सीमांच्या कुठल्या बाजूला राहतो हे बरंचसं ओळखता येतं.

मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, पूर्व विदर्भात हजारोंनी आहेत. भाताला पाणी मिळावं म्हणून कोहळी समाजातल्या जाणत्यांनी उताराच्या जमिनीवर पाळ घालून ते बांधले, तेही मालगुजारी यायच्या आधीपासून. नवेगावबांधचा तलाव त्यांतला सर्वांत परिचित. मारुती चितमपल्लींच्या लेखनामुळे तो पुण्या-मुंबईच्या वाचकांनाही ठाऊक झाला. एका बाजूला पाळीजवळचं खोल पाणी, दुसऱ्या बाजूला हळूहळू उथळ होत शेतात विरून जाणारा काठ अशी या तलावांची ठेवण असते. तळ्यातले मुलूख समजून घ्यायला यापेक्षा सोयीची जागा सापडणं कठीण.

हवेचा हिशोब

लिटरभर हवेत साधारण २१० मिलीलिटर प्राणवायू असतो. लिटरभर पाण्यात, २० अंश सेल्सिअसला, जेमतेम सहा-साडेसहा मिलीलिटर. पाणी तापलं की तोही घटतो; ३० अंशांना पाच-सव्वापाचच उरतो. म्हणजे उकाड्यात माशाचं शरीर जास्त प्राणवायू मागतं आणि पाण्याकडे मात्र द्यायला कमी असतो. त्यात भर म्हणजे प्राणवायू पाण्यात आपोआप पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश. वाऱ्याने पाणी ढवळलं नाही, तर वरून विरघळलेली हवा वरच्या पातळ थरातच अडकून राहते.

दिवसा या तुटीची भरपाई पाण्यातल्या हिरव्या गोष्टी करतात. सूक्ष्म शेवाळं आणि बुडालेल्या वनस्पती उन्हात अन्न बनवतात आणि प्राणवायू सोडतात. दुपारी तीन-चारला तळ्यात तो सर्वांत जास्त असतो. सूर्य मावळला की आवक बंद होते, खर्च मात्र सगळ्यांचा चालू. मासे, जिवाणू, किडे, आणि ज्यांनी दिवसभर प्राणवायू बनवला ती शेवाळंसुद्धा रात्री श्वास घेतच असतात. पहाटे शिल्लक सर्वांत कमी असते. ढगाळ दिवसांत आवकच तोकडी पडते, वारा पडल्यामुळे वरूनही काही मिसळत नाही, आणि दोन-तीन रात्रींत सगळी शिल्लक संपते.

तेव्हा कटला आणि रोहू वर येतात ते हवा पिण्यासाठी नाही. हवा पचवायची सोय त्यांच्याकडे नाहीच. हवेला टेकलेला जो बोटभरही नसलेला पाण्याचा थर असतो त्यात थोडा प्राणवायू असतो, आणि तेवढं पाणी ते तोंडात घेऊन कल्ल्यांवरून फिरवतात. तो थरही पुरेनासा झाला की मरतात.

मरळीची गोष्ट वेगळी. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, दोन्ही बाजूंना एकेक पोकळी असते आणि तिच्या आतल्या अस्तराला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मरळ वर येऊन खरोखरची हवा गिळते आणि त्या पोकळीत भरून ठेवते. मांगुराच्या पोकळीत तर फांद्या फुटलेल्या इवल्या झाडासारखा अवयव असतो. सिंगी माशाची हवेची पिशवी पाठीच्या मांसातून मागे शेपटीच्या दिशेने गेलेली असते. मरळीला हवेची इतकी सवय झाली आहे की जाळ्याखाली अडकून तिला वर येता आलं नाही, तर चांगल्या पाण्यातही ती बुडून मरते.

या सोयीची किंमतही आहे. दर थोड्या वेळाने वर यायचं म्हणजे दर वेळी पाणकावळ्या-बगळ्यांच्या नजरेला पडायचं, आणि खोल पाण्यातून वर यायला ताकदही लागते. म्हणून मरळ राहते काठाच्या उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला.

उजेड कुठे संपतो

दुसरी सीमा उजेडाची. पाण्यात उजेड एका ठरावीक रेषेवर थांबत नाही, पायरीपायरीने घटतो. पहिल्या मीटरात निम्मा गेला, तर दुसऱ्या मीटरात उरलेल्याच्या निम्मा जातो, तिसऱ्यात त्याच्या निम्मा. सहा-सात मीटरवर तो शंभरातला एक भाग एवढाच उरतो. बहुतेक पाणवनस्पतींचं आणि शेवाळांचं दिवाळं निघतं ते साधारण इथे: दिवसभरात जेवढं अन्न बनतं तेवढं स्वतःच्या श्वासावरच खर्च होतं. गढूळ किंवा हिरव्यागार तळ्यात हीच सीमा दीड-दोन मीटरवर येते. डोंगरातल्या नितळ सरोवरात ती कितीतरी खाली जाते.

या सीमेवरून तळ्याचे भाग पडतात. जिथे उजेड थेट तळापर्यंत पोचतो आणि मुळं धरून वनस्पती उगवू शकतात तो काठाचा पट्टा. त्याच्या पुढे, जिथे तळ अंधारात आहे पण वर उजेड आहे, ते मधलं उघडं पाणी. त्याखाली अंधारं खोल पाणी, आणि सगळ्यात खाली गाळ.

| चौकट: थाळी बुडवून पाहा |
|---|
| तळ्यात उजेड कुठवर जातो हे मोजायला आजही एक दोरी आणि थाळी पुरते. १८६५ साली आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून पाहिल्या. आज तळ्यांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्या रंगवलेली तबकडी वापरतात. ती दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की दोरीवर खूण करायची. त्या खोलीच्या साधारण दुप्पट-तिप्पट खाली वनस्पतींना पुरेल एवढा उजेड असतो. नावेत बसून दुपारच्या उन्हात, सावलीच्या बाजूने पाहावं. घरची पांढरी ताटली चालते, फक्त तिला खाली वजन बांधायचं. |

काठ: सर्वांत गजबजलेला मुलूख

काठाला उजेड भरपूर, पण तिथल्या वनस्पतींची अडचण पायाशी असते. गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो आणि मुळांना तर तो हवाच. पाणकणीस, देवनळ, कमळ या सगळ्यांनी त्यावर एकच उपाय काढला आहे: अंगातून हवेचे बोगदे.

कमळाचा देठ आडवा कापला की गोल भोकं दिसतात. भाजीसाठी आणलेली कमळकाकडी चिरली की तीच भोकं चकतीत नक्षी करून बसलेली असतात. ही नक्षी म्हणजे हवेच्या नळ्यांचा छेद. गाळातल्या कंदापासून पाण्याबाहेरच्या पानापर्यंत त्या अखंड जातात. आणि हवा त्यांतून आपोआप झिरपते एवढंच नाही, ती ढकलली जाते. उन्हात पान तापलं, त्यातली हवा दमट झाली, की पानाच्या आत किंचित दाब तयार होतो. पानाची छिद्रं इतकी बारीक असतात की तो दाब तिथून सुटून जात नाही. हवा देठातून खाली कंदाकडे जाते आणि दुसऱ्या नळ्यांनी वर येऊन पानाच्या मधोमध जो फिकट ठिपका असतो, तिथल्या मोठ्या छिद्रांतून बाहेर पडते. पानावर पाण्याचा थेंब नेमका त्या ठिपक्यावर थांबला आणि ऊन कडक असेल, तर थेंबातून बुडबुडे फुटताना दिसतात. तलावावर गेल्यावर आवर्जून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे.

जमिनीवरच्या झाडांची श्वासाची छिद्रं बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असतात. कमळ आणि कुमुदिनीची ती वरच्या बाजूला असतात, कारण खालची बाजू पाण्याला चिकटलेली किंवा पाण्याच्या वाफेत असते. मग ही छिद्रं पावसाने तुंबू नयेत म्हणून कमळाच्या पानावर मेणाचं लेपण आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे. थेंब त्यांवर टेकतो, पसरत नाही, आणि जाता जाता धूळही घेऊन जातो.

थोडं आत गेलं की शिंगाडा. त्याच्या पानांचा झुबका पाण्यावर पसरतो आणि देठांना मध्येच फुगे आलेले असतात. ते हवेने भरलेले असतात म्हणून झुबका तरंगतो. पिकलेलं शिंगाडं बुडतं, आणि त्याची काट्यासारखी शिंगं गाळात रुतून बसतात. पुढच्या वर्षीचं रोप वाहून जात नाही.

आणखी आत, पूर्ण बुडालेल्या वनस्पती. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया. यांना उभं राहण्यासाठी लाकूड लागत नाही, कारण पाणीच त्यांना उचलून धरतं. बाहेर काढलं की त्या चिंधीसारख्या लोळागोळा होतात. पानं पातळ, रिबिनीसारखी किंवा बारीक चिरलेली. कारण उजेडही कमी, आणि अन्न बनवायला लागणारा कार्बन डायऑक्साइडही पाण्यातून हळूहळूच मिळतो. जाड पान इथे उपाशी मरेल. हायड्रिला तर पाण्यात विरघळलेल्या खाण्याच्या सोड्याच्या जातीच्या क्षारातूनही कार्बन काढून घेते आणि अगदी मंद उजेडात वाढते. म्हणूनच ती जिथे उपरी म्हणून गेली तिथे लोकांना डोकेदुखी झाली.

व्हॅलिसनेरियाचं लग्न मात्र सविस्तर सांगायला हवं. ही वनस्पती पाण्याखाली राहते, पण तिचं परागण पाण्याच्या पृष्ठभागावर होतं. मादी फूल एका लांब, दोऱ्याएवढ्या देठावर चढत वर येतं आणि पाण्याच्या पापुद्र्यावर टेकून राहतं. त्याच्या वजनाने तिथे एक नखाएवढी खळी पडते. नर फुलं टाचणीच्या डोक्याएवढी. ती तळाशी देठावरून तुटून सुटतात, तरंगत वर येतात, उमलतात आणि वाऱ्यावर पाण्यावरून घसरत राहतात. एखादं खळीपाशी आलं की उतारावरून मादी फुलाकडे घरंगळतं. परागण झालं की मादी फुलाच्या देठाला वेटोळी पडतात आणि फळ पुन्हा खाली, सुरक्षित पाण्यात ओढलं जातं. कीटकांची गरज नाही. गरज आहे ती फक्त शांत, नितळ पाण्याची.

या हिरव्या जंगलात बाकीच्यांचे संसार. मरळ पावसाळ्यात गवत बाजूला सारून घरटं करते. अंडी तेलकट असल्यामुळे तरंगतात, आई-बाप राखण करतात, आणि पिल्लांचा तांबडालाल घोळका काही दिवस त्यांच्या सोबतीने फिरतो. कमळपक्ष्याची बोटं इतकी लांब की त्याचं वजन पानाच्या मोठ्या भागावर वाटलं जातं आणि पान बुडत नाही. टिबुकलीचे पाय शरीराच्या पार मागच्या टोकाला, पाण्यात वल्ह्यांसारखे उत्तम, जमिनीवर जवळपास निरुपयोगी. त्यामुळे तिचं घरटंही पाण्यावरच तरंगतं. घरटं सोडताना ती अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून ठेवते. पाणकावळ्याचे पंख भिजतात, आणि ही त्रुटी नसून सोय आहे: पिसांत हवा कमी राहिली की बुडी मारायला कमी जोर लागतो. त्याची किंमत म्हणून त्याला नंतर पंख पसरून वाळवत बसावं लागतं.

उघड्या पाण्यातले तीन मजले

काठ सोडला की आडोसा संपतो. इथे तळाला मुळं पोचत नाहीत, मग वनस्पती म्हणजे फक्त तरंगणारी सूक्ष्म शेवाळं. त्यांची एकच चिंता: बुडायचं नाही. जी लहान ती सावकाश बुडतात, म्हणून बहुतेक अतिसूक्ष्म आहेत. डायटम नावाच्या शेवाळांच्या अंगावर सिलिकाचं कवच असतं, ते जड. वारा पाणी ढवळत असेल तोवरच त्यांचं निभावतं. मायक्रोसिस्टिस नावाचे निळे-हिरवे जिवाणू जास्त हुशार निघाले. त्यांच्या पेशींत वायूच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. दिवसभर उन्हात साखर बनवली की तिच्या वजनाने ते खाली जातात; रात्री ती वापरून टाकली की पुन्हा वर. वारा नसलेल्या सकाळी तळ्यावर हिरव्या रंगाची साय आलेली दिसते ती बहुतेकदा यांचीच.

ही शेवाळं खाणारी पाणपिसू ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान. ज्या तळ्यात मासे असतात तिथे ती दिवसा खालच्या अंधारात राहते आणि रात्री चरायला वर येते. पाण्यात माशांचा वास लागला की हे वर-खाली जाणं वाढतं. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात तीच पाणपिसू आपल्या अंगात जास्त हिमोग्लोबिन तयार करते आणि गुलाबी दिसू लागते.

इथे एक खुलासा. ‘प्राणी परिस्थितीशी जुळवून घेतात’ असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पाणपिसूचं गुलाबी होणं ही एकाच जिवाची, त्याच्या हयातीतली तडजोड आहे. मरळीची डोक्यातली पोकळी कुठल्याही एका मरळीने गरज पडली म्हणून कमावलेली नाही. हजारो पिढ्यांत ज्यांच्याकडे ती थोडी बरी होती ते जास्त जगले, त्यांची पिल्लं जास्त उरली, एवढाच तिचा इतिहास. कटल्याला दहा ढगाळ रात्री काढायला लावल्या म्हणून त्याला ती फुटणार नाही.

आता मासे. कटल्याचं तोंड वर वळलेलं, डोकं मोठं, कल्ल्यांत बारीक गाळणी. तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी गाळून खातो. रोहूचे ओठ झालरीसारखे, तो मधल्या पाण्यात वनस्पतींचा पाला आणि त्यांवरचं शेवाळ खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं. तो तळाशी कुजलेला पालापाचोळा आणि गाळातले कण वेचतो. मत्स्यव्यवसायात एकाच तळ्यात या तिघांचं बीज सोडतात ते यामुळेच. तिघे एकमेकांच्या पानातलं फारसं घेत नाहीत आणि तळ्याचा कुठलाच मजला रिकामा राहत नाही.

पण या तिघांची तोंडं तळ्यासाठी घडलेली नाहीत. हे गंगेच्या खोऱ्यातले नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते खातात-पितात, वाढतात, पण वीण होण्यासाठी त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणून पूर्वी नदीतून बीज गोळा करून आणावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांची वीण घडवून आणली, आणि तेव्हापासून जिरे आणि बोटुकली ही माशांची लहान-मोठी पिल्लं केंद्रांतून मिळू लागली. आज जुलैतला तोच दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. मामा तलावातली रोहूची फौज दरवर्षी बाहेरून येते. मरळ, मांगूर मात्र साचलेल्या पाण्यातच घडलेले, तिथेच विणणारे, आणि म्हणूनच पहाटेच्या त्या परीक्षेत त्यांचा निकाल वेगळा लागतो.

विसण न ढवळलेलं पाणी

खोल तळ्यात आणखी एक भानगड असते. घंगाळात कढत पाण्यावर हळूच विसण सोडलं आणि हात फिरवला नाही, तर पहिला तांब्या अंगावर घेताना चटका बसतो आणि तळाचं पाणी गार निघतं. गरम पाणी हलकं, ते वर राहतं. थंड जड, ते खाली बसतं. उन्हाळ्यात खोल जलाशयाचं नेमकं हेच होतं. वरचं पाणी उन्हाने तापून वर तरंगत राहतं, खालचं गार पाणी तसंच पडून, आणि दोन्हींच्या मध्ये एक पातळ थर, ज्यात थोड्याच अंतरात तापमान झपकन उतरतं. वारा हा ढवळणारा हात. पण तो वरच्या थरापुरताच पोचतो.

आपल्याकडे हे थर टिकायला तापमानात फार फरकही लागत नाही. पाणी ४ अंशांवरून ५ वर गेलं तर त्याची घनता नगण्य बदलते. २९ वरून ३० वर गेलं तर तीसपटींहून जास्त. त्यामुळे युरोपातल्या तळ्यात जे थर पडायला दहा अंशांचा फरक लागेल, ते इथे दोन-तीन अंशांतही पडतात. उथळ मामा तलावात ते दुपारी पडतात आणि रात्री मोडतात. खोल धरणात महिनोन्‌महिने राहतात आणि हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन खाली बसलं की मगच मोडतात.

थर टिकले की खालच्या पाण्याचा वरच्या हवेशी संबंध तुटतो. वरून मेलेली शेवाळं, पालापाचोळा, विष्ठा यांचा पाऊस मात्र चालूच. जिवाणू ते कुजवताना उरलासुरला प्राणवायू संपवतात. मग प्राणवायूशिवाय जगणाऱ्या जिवाणूंची पाळी येते, आणि मिथेन व कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. धरणाच्या खालच्या दारातून सोडलेल्या पाण्याला कधी कधी जो वास येतो तो हाच.

गाळातले लाल रहिवासी

अशा जागी राहणाऱ्या जाती थोड्या, पण त्यांची संख्या अफाट. मूठभर गाळ चाळणीत धुतला की वळवळणाऱ्या लाल अळ्या निघतात. मत्स्यालयाच्या दुकानात याच रक्तअळ्या म्हणून विकतात. त्या एका न चावणाऱ्या चिलटाच्या अळ्या. कीटकांच्या रक्तात सहसा हिमोग्लोबिन नसतं. यांच्यात असतं, आणि ते अगदी तुटपुंजा प्राणवायूही पकडून ठेवतं. अळी गाळात लाळेच्या धाग्याने नळी विणते आणि आत बसून अंग हलवत त्या नळीतून पाणी ओढते. शेजारी ट्युबिफेक्स नावाचे लाल कृमी डोकं गाळात खुपसून शेपटी वर हलवत असतात: डोकं खातं, शेपटी श्वास घेते. प्राणवायू जितका कमी तितकी शेपटी जास्त बाहेर.

यांच्यात एक केओबोरस नावाच्या चिलटाची अळी असते, काचेइतकी पारदर्शक. ती शिकारी आहे, पाणपिसवा खाते, आणि मासे तिला खातात. म्हणून दिवसा ती प्राणवायू नसलेल्या खोल पाण्यात किंवा गाळात दडते, जिथे मासा येऊ शकत नाही, आणि रात्री वर येते. तिच्या अंगात पुढे दोन, मागे दोन हवेच्या पिशव्या असतात. त्यांच्या भिंती ती थोड्या फुगवते-आवळते आणि पोहण्याचे कष्ट न घेता वर किंवा खाली जाते. जिथे श्वास घेणं कठीण तीच जागा तिच्यासाठी सर्वांत सुरक्षित.

खोली किती याला महत्त्व नाही

जितकं खोल तितकं ओसाड, असं वाटू शकतं. जगातली सर्वांत खोल दोन सरोवरं याचा निकाल लावतात. आफ्रिकेतलं टांगानिका १,४७० मीटर खोल आहे. तिथे वरचं पाणी कायम उबदार, त्यामुळे थर कधीच पुरते मोडत नाहीत. उत्तरेकडे शंभरेक मीटरच्या खाली, दक्षिणेकडे दोनशेच्या आसपास प्राणवायू संपतो. त्याखाली किलोमीटरभर पाणी आहे पण मासा नाही. या सरोवरातल्या शेकडो जातींच्या माशांचा सगळा पसारा वरच्या पातळ थरात मांडलेला आहे.

सायबेरियातलं बैकल त्याहून खोल, १,६४२ मीटर. पण थंडीमुळे तिथलं पाणी वरून खाली जाऊ शकतं, वारा काठाजवळ गार पाणी खोलवर ढकलतो, आणि प्राणवायू पार तळापर्यंत पोचतो. म्हणून तिथे तळावरही प्राणी राहतात. गोलोम्यांका नावाचा तिथला मासा जवळपास पारदर्शक, खवले नसलेला. माशांना तरंगवणारी हवेची पिशवी त्याला नाही; असती तर शेकडो मीटर वर-खाली करताना दाबाने ती चेपली गेली असती. त्याऐवजी अंगात चरबी भरून त्याने तरंगण्याची सोय केली आहे. आणि तळाशी अंडी चिकटवायला जागा शोधत बसण्यापेक्षा तो थेट पिल्लांना जन्म देतो.

सरकणारा काठ

मामा तलावाला अशी खोली नाही, पण त्याची स्वतःची एक अडचण आहे. त्याचा काठ एका जागी राहत नाही. सप्टेंबरात जिथे कमरेएवढं पाणी असतं तिथे मार्चमध्ये भेगाळलेली जमीन असते, आणि काही ठिकाणी त्या ओलीवर लोक गाळपेर करतात. इथे राहायचं तर दोन्ही जगांची तयारी हवी. पाणगोगलगायीला कल्ला आणि फुप्फुस दोन्ही असतात. पाणी आटलं की ती गाळात शिरून कवचाचं झाकण लावते आणि पावसाची वाट पाहते. कमळाचं बी इतकं टणक असतं की चीनमधल्या एका कोरड्या तळ्याच्या गाळात सापडलेलं सुमारे १,३०० वर्षांपूर्वीचं बी रुजल्याचं १९९५ मध्ये जाहीर झालं.

अशा सरकत्या काठाचा सर्वांत मोठा शत्रू विदर्भात सगळ्यांच्या परिचयाचा आहे: बेशरम ही वनस्पती. ती उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीवर फोफावते आणि जिथे हायड्रिला, कुमुदिनी, रानधान उगवायचं ती जागा अडवते. काठ गेला की मरळीची विणायची जागा जाते, पाणपक्ष्यांची आणि भातशेतीकडून येणाऱ्या सारसांची चरण्याची जागा जाते. माझ्या मते मामा तलावातल्या माशांची जी रड ऐकू येते ती अर्धी इथली आहे. बीज किती सोडलं यावर चर्चा होते, काठावर काय उगवतं यावर होत नाही.

भंडारा-गोंदियातल्या मासेमारी करणाऱ्या ढीमर समाजाच्या काही सहकारी संस्थांनी आणि बायकांच्या गटांनी गेल्या काही वर्षांत काठ सावरायला सुरुवात केली आहे. उन्हाळ्यात तलावाचा कोरडा भाग नांगरून बेशरम मुळासकट काढायची आणि पावसाच्या तोंडाला गावठी पाणवनस्पती आणून लावायच्या. लावताना खोली पाहावी लागते, कारण कुमुदिनीच्या जागी व्हॅलिसनेरिया जगत नाही आणि तिच्या जागी पाणकणीस नाही. आणि तलावात गवत्या मासा सोडलेला असेल, तर नवं रोप टिकण्याआधीच तो ते खाऊन टाकतो. म्हणून अशा तलावासाठी बीज मागवताना संस्थेला आधी त्याचं नाव यादीतून काढावं लागतं.